तळ लागतो का, आणि तिथे काय नाही? खोल आणि रिकाम्या जागांचे मराठी शब्द नव्याने वापरणाऱ्यांसाठी

गेली बरीच वर्षं मी मुंबईत माहितीपटांची मराठी निवेदनं लिहिते आणि या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींचे मसुदे तपासते. विषय समुद्राचा असो, ग्रहताऱ्यांचा असो, नाहीतर बंद पडलेल्या कारखान्यांचा, सुरुवातीच्या मसुद्यांत एक गोष्ट हमखास सापडते. जे जे खाली जातं ते ‘खोल’ आणि जिथे जिथे काही नाही ते ‘रिकामं’. समुद्र खोल, झोप खोल, अभ्यास खोल. घर रिकामं, माळ रिकामा, अवकाशही रिकामा. व्याकरणाची चूक एकही नसते, पण ऐकणाऱ्यासमोर चित्र उभं राहत नाही.

मराठीत या जागांसाठी शब्दांची रेलचेल आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द आपापली जागा धरून बसलेला आहे. यादी पाठ करून तो हाताशी येत नाही. मी नव्या मुलांना दोनच प्रश्न विचारायला सांगते. खोलीबद्दल लिहिताना विचारा, तळ लागतो का? रिकामेपणाबद्दल लिहिताना विचारा, इथे काय असायला हवं होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा शब्द आपोआप समोर येतो.

पायरी पहिली : ‘खोल’ कुठे थांबतो ते ओळखा

‘खोल’ हे विशेषण बदलत नाही. खोल विहीर, खोल खड्डा, खोल पाणी. त्याचं नाम ‘खोली’, आणि मुंबईकराला हा शब्द आधी दहा बाय बाराच्या घरामुळे माहीत असतो. ‘खोलीत पाणी शिरलं’ आणि ‘पाण्याची खोली वाढली’ ही दोन वाक्यं जुलैच्या एकाच बातमीत येऊ शकतात, म्हणून लिहिताना काळजी घ्या. घोटाळा होईल असं वाटलं तर पहिल्या ठिकाणी ‘घरात’ लिहून मोकळे व्हा.

जखम खोल असते, मुळं खोल जातात, आजाऱ्याचे डोळे आणि आवाज खोल जातात. इथपर्यंत ‘खोल’चा मुलूख. झोप मात्र गाढ असते, अभ्यास सखोल, प्रश्न गहन, रंग गडद, मैत्री घनिष्ठ. ‘खोल झोप’ लिहिलेलं दिसलं की मूळ मजकूर कोणत्या भाषेत होता ते वाचकाला लगेच कळतं. एवढी जोड्यांची सवय पहिल्या आठवड्यात लावून घ्या, पुढचं काम हलकं होतं.

पायरी दुसरी : तळ, ठाव, थांग

तळ म्हणजे जिथे खाली जाणं संपतं ती जागा. ठाव म्हणजे तो तळ सापडणं. थांगही तोच, पण हल्ली तो बहुधा नकारातच भेटतो: थांग लागत नाही, थांगपत्ता नाही. त्यातूनच ‘अथांग’. ज्याचा तळ हाताला, पायाला, दोरीला लागत नाही ते अथांग. म्हणून अथांग समुद्र शोभतो. ‘अथांग गर्दी’ मला खटकते, कारण गर्दी खाली जात नाही, पसरते. तिच्यासाठी ‘अफाट’ आहे. अफाट हा पसाऱ्याचा शब्द: अफाट माळरान, अफाट खर्च. ‘अगाध’ पुन्हा तळाकडे नेतो. संस्कृतात गाध म्हणजे पाय टेकेल असं उथळ पाणी, आणि अगाध म्हणजे जिथे पाय टेकत नाही ते. मराठीत मात्र तो पाण्यापासून सुटून ज्ञान, लीला, महिमा यांच्याकडे गेला. ‘अगाध समुद्र’ चूक नाही, पण आज कानाला जुना लागतो.

तळ मोजण्याचा मराठी शब्द मला शब्दकोशाआधी माणसाकडून मिळाला. मासेमारीवरच्या एका माहितीपटासाठी आम्ही वर्सोव्याला गेलो होतो. मी नाखवांना विचारलं, “तुम्ही जाता तिथे पाण्याची खोली किती मीटर असते?” ते थोडे थांबले आणि म्हणाले, “चाळीस वाव पानी.” मग दोन्ही हात बाजूला पसरून दाखवले. एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. पूर्वी शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, वजन तळाला टेकलं की ती ओढून घेताना हात पसरून मोजायची. चाळीस वाव म्हणजे साधारण ७३ मीटर. मुंबई हाय हे १९७४ साली सापडलेलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तिथलं पाणीही जवळपास इतकंच, ७५ मीटरच्या आसपास खोल. मुंबईच्या समोर समुद्राचा तळ एकदम कोसळत नाही, दूरवर उथळच राहतो. या उथळ तळाला भूगोलाच्या पुस्तकात ‘समुद्रबूड जमीन’ म्हणतात. इतका नेमका शब्द असताना नवे लेखक ‘समुद्राखालील सपाट भाग’ असं तीन शब्दांचं वर्णन करतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

निवेदनात आम्ही ‘चाळीस वाव’ तसंच ठेवलं आणि पडद्यावर हात पसरलेले नाखवा दाखवले. समजावून सांगायची गरज पडली नाही.

(उच्चाराने हाच असलेला दुसरा ‘वाव’ म्हणजे सवड, संधी: ‘सुधारणेला वाव आहे’. त्याचा पाण्याशी संबंध जोडू नका.)

पायरी तिसरी : आकार बघून नाव द्या

खोल जागेचं नाव तिच्या आकारावरून ठरतं, आणि हे शिकायला मुंबईइतकं सोयीचं गाव नाही, कारण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला दोन तासांवर सह्याद्री. शनिवारी रात्री कसारा लोकलने जाणाऱ्या ट्रेकरांची भाषा ऐका. कड्यावरून खाली दिसते ती दरी. दोन डोंगरांमधून पलीकडे जायची वाट देते ती खिंड. पाण्याने कापलेली अरुंद, अंधारी जागा म्हणजे घळ. कड्याच्या पोटातून चढत जाणारी दगडगोट्यांची चिंचोळी वाट म्हणजे नळी, म्हणूनच हरिश्चंद्रगडाला ‘नळीची वाट’ आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दरीत माणूस पडतो, खिंडीतून जातो, घळीत शिरतो. क्रियापद लावून पाहिलं की शब्द बरोबर आहे की नाही ते कळतं.

बोगदा आणि भुयार यांचंही तसंच. बोगदा आरपार असतो: या बाजूने शिरायचं, त्या बाजूने निघायचं. ठाण्याच्या पुढचा पारसिकचा बोगदा १९१६ पासून गाड्यांना असा आरपार नेतो आहे. भुयार जमिनीखाली असतं, ते कुठे निघतं हे वरून कळत नाही, निघतंच असंही नाही. मग आरे ते कफ परेड जाणाऱ्या मेट्रोला ‘भुयारी मेट्रो’ का म्हणायचं, असं मला एका मुलीने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. ‘भुयारी’ या विशेषणाचा अर्थ नुसता ‘जमिनीखालचा’ एवढाच उरला आहे, जसं भुयारी गटार. म्हणून मेट्रो भुयारी, पण ती धावते बोगद्यातून.

गुहा निसर्गाने केलेली आणि लेणं माणसाने कोरलेलं. बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि तिथल्या प्राकृत शिलालेखांतही ‘लेण’ हाच शब्द कोरलेला आहे. त्याच लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. तो शब्द आपण हरवला, ‘लेणं’ मात्र जवळजवळ दोन हजार वर्षं टिकून राहिलं. कान्हेरीच्या ‘गुहा’ लिहाल तेव्हा हे आठवा.

समुद्रतळाशी आणि आकाशात पाठ्यपुस्तकातले शब्द उपयोगी पडतात. समुद्राच्या तळावरच्या खोल, अरुंद जागांपैकी त्यातल्या त्यात कमी खोलीची ती सागरी डोह, जास्त खोल आणि लांबच लांब पसरलेली ती सागरी गर्ता. मारियाना गर्ता जवळपास ११,००० मीटर खोल आहे. मुंबई हायची पाऊणशे मीटर आठवा म्हणजे फरक कळेल. तोंड वर, काठ गोल आणि आत खोलगट अशा जागेला विवर म्हणायचं. चंद्रावर विवरं आहेत आणि आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं. ‘कृष्णविवर’ याच शब्दावरून बेतलेला. जयंत नारळीकर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने जी कथा पाठवली आणि जिला बक्षीस मिळालं, तिचं नावच ‘कृष्णविवर’ होतं. आज हा शब्द शाळकरी मुलंही सहज बोलतात. तो जोडूनच लिहायचा, मध्ये जागा सोडायची नाही.

पायरी चौथी : इथे काय असायला हवं होतं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

‘रिकामं’ म्हणजे आत ना सामान, ना माणूस. ‘मोकळं’ म्हणजे अडथळा नाही. ‘रितं’ म्हणजे भरलेलं होतं, ओतून गेलं. ‘पोकळ’ म्हणजे बाहेरून भरीव दिसतं पण आत काही नाही. ‘ओस’ म्हणजे माणसांचा राबता होता, तो तुटला. ‘उजाड’ म्हणजे हिरवं गेलं. ‘भकास’ म्हणजे जीव लागत नाही, मग तिथे माणसं असोत वा नसोत.

मी हा फरक गिरण्यांवरून शिकवते, कारण मुंबईत त्याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे कितीतरी गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. बंद पडलेल्या गिरणीच्या साचेखात्याचं, म्हणजे कापड विणण्याच्या विभागाचं, वर्णन करा. यंत्रमाग जागेवर आहेत, छताखाली कापसाची पुटं आहेत, फक्त कामगार नाहीत. हे साचेखातं रिकामं नाही, ते ओस आहे. पुढे माग भंगारात गेले, नुसती शेड उरली. आता ते रिकामं झालं. मग शेड पाडली, भिंती गेल्या, आत-बाहेर उरलं नाही. आता ती मोकळी जागा. जागा एकच आणि शब्द तीन, आणि हे तीन शब्द नीट वापरले तर परळ-लालबागचा चाळीस वर्षांचा इतिहास एका परिच्छेदात येतो. पालिकेच्या कागदांत ‘मोकळ्या जागा’ असतात, शिवाजी पार्क हे मोकळं मैदान असतं. मैदानाला ‘रिकामं’ म्हटलं तर आज खेळायला कोणी आलं नाही एवढाच अर्थ निघतो.

आता घरातला शब्द. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही खोली सोडत होतो. भिंतीवरची भांड्यांची मांडणी उतरवली, देव्हारा कापडात बांधला. कपाट, पलंग, पाण्याचं पिंप अजून तिथेच होतं. आई दारात उभी राहून म्हणाली, “कशी ओकीबोकी दिसतेय गं खोली.” मी त्या वेळी बाईंडिंग दोऱ्याने पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते आणि माझा हात थांबला. निम्मं सामान आत असताना ‘रिकामी’ म्हणता आलं नसतं. जे असल्याने खोलीला चेहरा होता ते नेमकं गेलं होतं, आणि त्यासाठी भाषेत शब्द होता. ओकंबोकं घर, ओकाबोका गळा, तोरण नसलेलं ओकंबोकं दार. सगळं सामान खाली गेल्यावर आमचाच आवाज घुमायला लागला, तेव्हा ती खोली रिकामी झाली. आवाज ही रिकाम्या जागेची चांगली खूण आहे, निवेदनात ती जरूर वापरा.

पोकळपणाही आवाजावरूनच कळतो. गवंडी भिंतीवर टकटक करून सांगतो, “गिलावा पोकळ झालाय.” नारळ, बांबू, फरशी, सगळं वाजवून बघायचं. म्हणून आश्वासन पोकळ असतं: बाहेरून भरीव, वाजवल्यावर कळतं. ‘रिकामं आश्वासन’ मराठी नव्हे. तसाच हातांचा फरक पाहा. रिकाम्या हाताने आला म्हणजे काही आणलं नाही, मोकळ्या हाताने दिलं म्हणजे सढळपणे दिलं. आणि बाळंतीण ‘मोकळी झाली’ म्हणजे तिची सुटका झाली. इथे दुसरा कुठलाही शब्द घालू नका.

मुंबईत राहणाऱ्यांना एक सापळा कायम असतो, तो ‘खाली’चा. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे तळाच्या दिशेला. “वर खाली आहे” या वाक्यातून दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर जागा आहे हे मराठी माणसाला कळायला क्षणभर लागतो. वाहक मराठीत सांगतो तेव्हा म्हणतो, “वर मोकळं आहे, वर चला.” चाळीत मात्र ‘खोली खाली केली’ हे सर्रास बोललं जातं. माझं मत असं की संवादात ते तसंच राहू द्यावं, ती या शहराची बोली आहे. निवेदनात मात्र ‘रिकामी केली’ लिहावं.

माणसं नसलेल्या रस्त्यासाठी चार शब्द पुरतात. दिवसा अचानक पडतो तो शुकशुकाट, रात्री नेहमीसारखी होते ती सामसूम, बातमीत येतो तो निर्मनुष्य, आणि जिथे कधी वस्ती नव्हती किंवा कधीची उठली ते ओसाड. मार्च २०२० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर शुकशुकाट होता. स्थानक ओसाड नव्हतं, कारण माणसं परत येणार होती.

पायरी पाचवी : आभाळ, आकाश, अवकाश, अंतराळ

आभाळ हा शब्द ‘अभ्र’वरून, म्हणजे ढगावरून आला. म्हणून ‘आभाळ आलंय’ म्हणता येतं, ‘आकाश आलंय’ म्हणता येत नाही. पावसाचं, दुःखाचं, मायेचं ते आभाळ: आभाळ भरून येतं, आभाळ फाटतं. ताऱ्यांचं आणि विमानांचं ते आकाश.

अवकाश म्हणजे मुळात जागा आणि सवड. ‘गाडी यायला अजून अवकाश आहे’ हे आजही घराघरांत बोलतात, आणि ‘सावकाश’ म्हणजे अवकाशासह, सवडीने. हिंदीतला सुट्टीचा अवकाश मराठीत आणू नका. अंतराळ म्हणजे मधली जागा. मराठीत यान अवकाशयानही असतं आणि अंतराळयानही, दोन्ही बरोबर, फक्त एका लेखात एकच धरून ठेवा. माणूस मात्र अंतराळवीरच: १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हापासून हा शब्द घट्ट रुजला आहे. ‘पोकळी’ लिहायची ती जिथे काही नसण्यावर भर आहे तिथे, आणि हवाही काढून घेतली असेल तर ‘निर्वात पोकळी’. वरळीच्या नेहरू तारांगणात मुलांना घेऊन जाल तेव्हा त्या शब्दाकडेही बघा: तारा आणि अंगण. एवढ्या मोठ्या पोकळीला आपल्या भाषेने घरासमोरचं अंगण केलं.

पायरी सहावी : मन, समाज, राजकारण

लाक्षणिक वापरात प्रत्येक शब्दाचं क्रियापद ठरलेलं असतं आणि चुका इथेच जास्त होतात. गरीब-श्रीमंतांमधली दरी रुंदावते, ती ‘खोल होते’ असं सहसा म्हणत नाहीत. माणूस नैराश्याच्या गर्तेत सापडतो, पण दारिद्र्याच्या खाईत लोटला जातो: गर्तेत आपण जातो, खाईत कोणीतरी ढकलतं. पक्षाला खिंडार पडतं, तिजोरीला भगदाड. पोटाची खळगी भरतात. मनाचा ठाव लागतो किंवा लागत नाही. आणि पोकळी भरून निघते किंवा निघत नाही. श्रद्धांजलीत ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ इतक्यांदा लिहिली गेली आहे की माणूस गेल्याचं दुःख तिच्यातून आता पोचत नाही. त्याऐवजी त्या माणसाच्या जाण्याने नेमकं काय ओस पडलं ते सांगा: कट्टा, वाचनालयातलं टेबल, सकाळची फेरी. ‘पोकळी’ हाच शब्द फलाट आणि गाडी यांच्यातल्या जागेसाठीही बातम्यांत येतो. बोलताना आपण त्या जागेला फट म्हणतो, पण फटीत बोट अडकतं. जिथे माणूस पडू शकतो तिथे ‘पोकळी’ हाच प्रामाणिक शब्द.

शुद्धलेखनाचं थोडक्यात : शून्य दीर्घ ‘शू’ने. विहीर, पण विहिरी आणि विहिरीत. दरी, अनेकवचनी दऱ्या. खोल, पोकळ, अथांग, ओस बदलत नाहीत. रिकामा, मोकळा, रिता लिंगवचनाप्रमाणे बदलतात.

सरावासाठी मी प्रत्येकाला अंबरनाथच्या शिवमंदिरात पाठवते. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० नोंदलेलं हे देऊळ आहे. मंडपातून पुढे गेलात की मंडप आणि गाभारा यांच्या मधली छोटी जागा लागते. देवळांच्या भाषेत तिला अंतराळ म्हणतात, तोच शब्द, नऊशे वर्षांहून जुन्या दगडात. तिथून पायऱ्या खाली उतरतात, गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, आणि वर शिखर पूर्ण नसल्याने आकाश दिसतं. खाली उभं राहून वर बघा, मग बाहेर येऊन पायरीवर बसा आणि दहा वाक्यं लिहा. ‘खोल’ एकदाच वापरायचा, ‘रिकामं’ एकदाही नाही.